नोव्हगोरोदची चर्चं पुन्हा उभी राहिली ती कशाच्या जोरावर?

वास्तुरचनेच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "रशियातल्या वेलिकी नोव्हगोरोदला जायचा बेत आहे. तिथलं नेरेदित्साचं चर्च ११९८ सालचं आहे असं वाचलं, आणि ते १९४१मध्ये तोफांच्या माऱ्यात ढासळलं असंही वाचलं. मग मी जाऊन बघणार ते बाराव्या शतकातलं की विसाव्या? याला जीर्णोद्धार म्हणायचं की प्रतिकृती?"

आधी थेट उत्तर देतो. नेरेदित्साच्या भिंतींचा खालचा भाग बाराव्या शतकातला आहे. वरचा भाग आणि घुमट १९५६ ते १९५८ या काळात बांधलेला आहे. तरीही मी त्याला प्रतिकृती म्हणणार नाही. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी तीस वर्षं चुन्याच्या जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत आहे. कोकणातली देवळं, देशावरचे वाडे, दोन गढ्या. नोव्हगोरोदला दोनदा जाऊन आलो. परक्या मुलखात उतरल्यावर ओळखीचं काय दिसलं असेल, तर भिंतीतला गुलाबी रंग. आपल्याकडे जुन्या वाड्याचा गिलावा पडला की आत विटेच्या पुडीचा गुलाबी चुना दिसतो ना, अगदी तोच. आपण तिला सुरखी म्हणतो, रशियन कारागीर त्सेम्यान्का म्हणतात. कळीचा चुना विरवायचा, त्यात भाजक्या विटेची पूड मिसळायची, म्हणजे मसाला ओलीतही धरून राहतो. वोल्खोव नदीच्या काठी १०४५ ते १०५० या पाच वर्षांत सेंट सोफियाचं कॅथेड्रल उभं राहिलं ते याच मसाल्यावर. दगड इल्मेन सरोवराच्या बाजूचा, शंखशिंपल्यांनी भरलेला चुनखडक. तो नीट ताशीव होत नाही, म्हणून ओबडधोबड दगड आणि मधूनमधून पातळ, चपट्या विटांचे थर. सुरुवातीला बाहेरून गिलावा नव्हता. आज दिसतो तो पांढरेपणा नंतरचा. ११५१ साली निफोंत या धर्माध्यक्षानं सोफियावर शिशाचे पत्रे चढवले आणि भिंतींना चुन्याचा हात दिला, अशी तिथल्या इतिवृत्तात नोंद आहे. छताची आणि भिंतीची दुरुस्ती साडेआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी तारीखवार लिहून ठेवली, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या किती देवळांच्या बाबतीत असं सांगता येईल?

शहर आज लहान आहे, जिल्ह्याच्या गावासारखं. पण मध्ययुगात ते व्यापाराचं मोठं केंद्र होतं. तिथली चर्चं फक्त राजांनी बांधली नाहीत. व्यापाऱ्यांनी बांधली, एकेका गल्लीतल्या रहिवाशांनी वर्गणी काढून बांधली. इल्यीना रस्त्यावरचं रूपांतरणाचं चर्च १३७४ सालचं, त्याच गल्लीचं. त्यात १३७८ साली कॉन्स्टँटिनोपलकडून आलेल्या थिओफानेस नावाच्या ग्रीक चित्रकारानं भिंती रंगवल्या. लालसर तपकिरी रंग आणि वर पांढऱ्या रेघांचे झटके, एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यानं माणसांचे चेहरे पेटवले आहेत. रंग मुळातच असे होते की आगीच्या धगीनं तसे झाले, यावर अभ्यासकांत वाद आहे. पिवळी माती तापली की लाल होते, हे कुंभाराला विचारलं तरी सांगेल, त्यामुळे वाद उगाच नाही.

आता नेरेदित्सा. शहराबाहेर, पाणथळ कुरणातल्या एका लहानशा उंचवट्यावर चार खांब, एक घुमट, असा आटोपशीर ठोकळा. ११९८च्या वसंतात यारोस्लाव व्लादिमिरोविच या राजाचे दोन मुलगे पाठोपाठ गेले. त्याच वर्षी ८ जूनला त्यानं या चर्चचा पाया घातला आणि सप्टेंबरात काम पुरं झालं. पुढल्या वर्षी, ११९९मध्ये, आतल्या भिंती जोत्यापासून घुमटापर्यंत चित्रांनी भरून गेल्या. चार महिन्यांत इमारत! बखरीतली अतिशयोक्ती वाटेल, पण चुन्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच पटतं. तिथे सप्टेंबरनंतर थंडी पडते. ओल्या चुन्यातलं पाणी गोठलं की फुगतं आणि सांधा आतून फुटतो. त्यामुळे बांधकामाचा हंगाम उन्हाळ्याचाच. आपण उलट करतो, कडक ऊन आणि पावसाळा टाळून दसऱ्यानंतर चुन्याला हात घालतो. कारण एकच, चुन्याला सावकाश, पण अडथळ्याशिवाय वाळू द्यावं लागतं.

नेरेदित्साचा जीव वाचला तो या चार महिन्यांमुळे नाही, १९०३ आणि १९०४ या दोन वर्षांमुळे. त्या वेळी प्योत्र पोक्रिश्किन या वास्तुविशारदानं चर्चची मोठी दुरुस्ती केली, आणि ती करताना इमारत इंचाइंचानं मोजली. दगडांच्या रांगा, कमानींची उसळी, घुमटाचा घेर, सगळं कागदावर उतरवलं आणि त्याचा अहवाल छापून ठेवला. भिंतीवरच्या चित्रांची छायाचित्रं निघाली, नकला झाल्या. तेव्हा कुणाला ठाऊक होतं, की चाळीस वर्षांच्या आत या कागदांची किंमत भिंतींपेक्षा जास्त होणार आहे?

ऑगस्ट १९४१मध्ये जर्मन सैन्यानं नोव्हगोरोद घेतलं आणि आघाडी शहराच्या पूर्वेला, माली वोल्खोवेत्स नावाच्या प्रवाहाच्या बाजूनं, अडीच वर्षं अडकून पडली. नेरेदित्सा, वोलोतोवो आणि कोवाल्योवो ही तिन्ही मध्ययुगीन चर्चं नेमकी त्याच पट्ट्यात. तिन्ही तोफांखाली गेली. नेरेदित्साच्या चित्रांपैकी सुमारे १५ टक्के उरली. भिंतीवर १२४६च्या सुमारास काढलेलं राजा यारोस्लाव व्सेवोलोदोविचचं चित्र होतं, हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेऊन ती ख्रिस्ताला अर्पण करताना. ते गेलं. शहरात सोफियाच्या मुख्य घुमटावर तोफगोळा पडला आणि आतलं बाराव्या शतकाच्या आरंभीचं ख्रिस्ताचं भव्य चित्र नाहीसं झालं. त्या चित्राची एक आख्यायिका नोव्हगोरोदात लहान मुलंही सांगतात. चित्रकारांनी आशीर्वादाचा उघडा हात काढला, पण रोज सकाळी येऊन बघावं तर मूठ मिटलेली. शेवटी आवाज आला, या मुठीत मी नोव्हगोरोद धरलं आहे, मूठ उघडली की शहर संपेल. २० जानेवारी १९४४ला शहर मुक्त झालं तेव्हा राहण्याजोगी उरलेली घरं चाळीसच्या आसपास होती.

आणि तरीही १९४५मध्येच तिथे जीर्णोद्धाराची खास कार्यशाळा सुरू झाली. लोक तळघरांत आणि खंदकांत राहत होते, त्याच काळात. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी त्या माणसांना मनोमन नमस्कार करतो.

नेरेदित्साचं काम ग्रिगोरी श्तेंदेर यांच्याकडे आलं. त्यांच्यासमोर उभे होते भिंतींचे खालचे भाग, आणि हातात होती पोक्रिश्किनची मोजमापं. उरलेलं जिथल्या तिथे ठेवायचं, त्याच्या माथ्यावर त्याच मापानं वर चढत जायचं, असं काम झालं. आत गेलात की तुम्हाला कळेल, चित्र जिथे संपतं तिथे ते संपतं. पुढे साधा गिलावा आहे. गेलेल्या ८५ टक्क्यांच्या जागी कुणीही नवे संत रंगवले नाहीत. छायाचित्रं होती, नकला होत्या, चांगले चित्रकारही होते, करता आलं असतं. केलं नाही. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या व्हेनिस सनदेत पुढे लिहिलं गेलं, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धारानं थांबावं. नेरेदित्सा त्याच्या सहा वर्षं आधी पुरं झालं होतं. म्हणून मी त्याला प्रतिकृती म्हणत नाही. प्रतिकृती आपण जुनी असल्याचं भासवते. ही इमारत आपलं वय लपवत नाही.

फरक समजायला त्वेरचं उदाहरण घ्या, कारण त्या शहराचा आपल्याशी जुना संबंध आहे. पंधराव्या शतकात चौलला उतरून जुन्नरला पावसाळा काढणारा रशियन व्यापारी अफनासी निकितीन त्वेरचा. आपल्या टिपणांच्या सुरुवातीलाच तो सांगतो, की सोनेरी घुमटाच्या तारणहाराच्या चर्चपासून मी निघालो. ते चर्च सतराव्या शतकात पाडून त्या जागी नवं कॅथेड्रल झालं, आणि तेही १९३५मध्ये सुरुंगानं उडवण्यात आलं. आपल्या या शतकात ते पुन्हा उभारलं आहे. ते गावाच्या श्रद्धेचं काम आहे आणि श्रद्धेचा मला आदर आहे. पण तिथे भिंत नवी, विटा नव्या, सगळंच नवं. त्याला पुनर्निर्माण म्हणावं. नेरेदित्साशी त्याची गल्लत करू नये.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग, राडारोडा.

कोवाल्योवोचं चर्च १३४५चं, त्यातली चित्रं १३८०ची. युद्धानंतर तिथे ढिगारा उरला. वीस वर्षं तो तसाच पडून होता, गवत उगवलं होतं. १९६५मध्ये अलेक्सांद्र ग्रेकोव आणि त्यांची पत्नी वालेन्तिना यांनी तो ढीग उपसायला घेतला. फावड्यानं भरून टाकायला नाही, चाळायला. गिलाव्याचा प्रत्येक रंगीत तुकडा वेचायचा, कुठल्या भागात सापडला ते लिहायचं, धुवायचा, रंगानुसार आणि गिलाव्याच्या पोतानुसार वेगळा करायचा, मग जुन्या छायाचित्रांशी ताडून जुळवत बसायचं. इतरांनी त्यांना वेड्यात काढलं असेल तर नवल नाही. दोघांचं उरलेलं आयुष्य त्यात गेलं, आणि कोवाल्योवोचे संत हळूहळू परत दिसू लागले.

वोलोतोवोचं चर्च १३५२चं. तिथून गोळा झालेल्या तुकड्यांची संख्या सांगतात ती सुमारे १७ लाख. इमारत २००१ ते २००३ या काळात जर्मनीच्या पैशातून पुन्हा बांधली गेली, हेही नोंदवण्यासारखं आहे. तुकडे जुळवण्याचं काम त्याच्या आधीपासून चालू होतं आणि नंतरही चालू राहिलं.

अशा तुकड्याशी मी एक अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून सांगतो. वाळूच्या तबकात तुकडे मांडलेले असतात, कारण वाळूत तो हवा तसा तिरका, खोल, उंच बसवता येतो. माझ्या हातात दिलेला तुकडा रुपयाच्या नाण्याएवढा. वरच्या बाजूला गेरूचा एक पट्टा आणि त्याला खेटून काळी रेघ. झग्याची घडी असेल, भुवई असेल, काहीही. तो पालथा करायला सांगितला. पाठीमागे तंतूंचे बारीक ठसे, आणि एका कडेला दगडाच्या खडबडीत अंगाचा उलटा साचा. त्या साच्यावरून कळतं की तुकडा दगडावरच्या गिलाव्याचा आहे, विटेवरच्या नाही. जाडीवरून कळतं की भिंतीच्या खोलगट भागातला की उंचवट्याचा. करणी कुठल्या दिशेनं फिरली तेही तिरप्या उजेडात दिसतं. म्हणजे चित्र न बघता, नुसत्या पाठीवरून अर्धी जागा ठरते. सोळाव्या-सतराव्या तुकड्याला माझी मान दुखायला लागली. तिथे बसणाऱ्या बाई त्यावर वर्षानुवर्षं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ज्या दिवशी एक जोड सापडते तो चांगला दिवस.

आपल्याकडचं आठवलं आणि पोटात कालवलं. एका गावात चित्रं असलेल्या वाड्याचं काम होतं. दिवाणखान्याची भिंत पावसात बसली. मी तीन दिवसांनी पोचलो तोवर ठेकेदारानं चार डंपर भरून सगळं ओढ्यात टाकलं होतं. जागा स्वच्छ झाडून ठेवली होती, शाबासकी मिळेल म्हणून. त्यात दशावताराची पट्टी होती. तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. तेव्हापासून कुठल्याही कामावर माझी पहिली सूचना असते, पडलेलं हलवू नका. ते भिंतीचंच आहे, फक्त जागेवर नाही.

सगळंच उभारायला हवं का? नोव्हगोरोदनं तेही केलं नाही. स्कोवोरोदका मठातलं चर्च गेलं ते गेलंच. गोरोदिश्चेच्या टेकाडावरचं घोषणेचं चर्च, मूळ ११०३चं आणि १३४२-४३मध्ये जुन्या पायावर पुन्हा बांधलेलं, ते आजही भग्नावस्थेत जपलेलं आहे. आणि भग्न ठेवल्याचा फायदा झाला. अलीकडच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञांना तिथे पहिल्या चर्चच्या भित्तिचित्रांचे तुकडे मिळाले. वर नवी इमारत ठोकून दिली असती तर ते मिळाले नसते. हे तिन्ही निर्णय, नेरेदित्सा, वोलोतोवो आणि गोरोदिश्चे, एका दिवसात बघता येतात. विद्यार्थ्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

एका बाबतीत माझं तिथल्या कामाशी पटत नाही, तेही सांगतो. युद्धानंतरच्या पिढीला मूळ रूपाची ओढ फार. नंतरच्या शतकांतल्या भर, मोठ्या केलेल्या खिडक्या, बदललेली छपरं, कित्येक ठिकाणी उतरवून टाकली. कोझेव्हनिकीतलं १४०६चं पीटर-पॉल चर्च बघा. श्तेंदेर यांनी त्याचा गिलावा काढून विटा आणि शिंपल्यांचा दगड उघडा केला. दिसायला ते अप्रतिम आहे, संध्याकाळच्या उन्हात दगड मधासारखा दिसतो. पण उघड्या चुनखडकात पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं, आणि दरवर्षी कणाकणानं अंग सुटतं. शिवाय सतराव्या शतकातल्या गवंड्याचा हात हाही त्या इमारतीचा इतिहासच. मी असतो तर गिलाव्याला हात लावताना फार कचरलो असतो. काळ्या दगडाची देवळं खरवडून 'मूळ दगड' दाखवायची हौस आपल्याकडेही आली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

सिमेंटबद्दल दोन वाक्यं, कारण हा प्रश्न नक्की पुढे येणार. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की बाहेरची वाट बंद होते. मग ओल आतल्या बाजूनं निघते, जाताना क्षार सोडते, भिंतीला लोणा लागतो आणि चित्रांचे पोपडे सुटतात. बाहेरच्या दुरुस्तीचा दंड आतलं चित्र भरतं. ओलसर नोव्हगोरोदात हे जितकं खरं तितकंच ते रत्नागिरीत.

सोफियाला जाल तेव्हा तीन गोष्टी चुकवू नका. पश्चिमेकडची ब्राँझची दारं, बाराव्या शतकात जर्मनीतल्या माग्देबुर्गला ओतलेली, बायबलमधल्या प्रसंगांच्या चौकटींनी भरलेली. आतल्या एका ओवरीतलं कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांचं अकराव्या-बाराव्या शतकातलं चित्र, जे नेहमीच्या जाड गिलाव्यावर नाही, तर बांधकामावरच्या पातळ थरावर काढलं आहे. आणि मुख्य घुमटावरचा जुना क्रूस, ज्याच्या टोकावर शिशाचं कबूतर बसलेलं आहे. युद्धात तो जर्मनांच्या बाजूनं लढणाऱ्या स्पॅनिश तुकडीच्या सैनिकांनी नेला, माद्रिदच्या लष्करी संग्रहालयात राहिला आणि २००४मध्ये परत आला. आता तो कॅथेड्रलच्या आत ठेवला आहे. १९९१पासून सोफिया पुन्हा पूजेत आहे. मेणबत्त्यांची काजळी आणि सणाच्या गर्दीचा दमट श्वास चित्रांना बाधतो, संग्रहालयाच्या माणसांना त्याची काळजी असते. पण पूजेतली इमारत रोज कुणीतरी झाडतं, गळती लागली तर त्याच दिवशी ओरडतं. वहिवाटीतलं देऊळ आणि कुलूपबंद देऊळ यांत आधी कोण ढासळतं ते आपण पाहतोच. मी पूजेच्या बाजूनं आहे, फक्त हवा खेळती ठेवावी.

जाताना उन्हाळ्यात जा आणि हाताशी मोकळा दिवस ठेवा. पावसाळी, दमट हवेत नेरेदित्सासारखी चर्चं बाहेरच्यांसाठी उघडत नाहीत, कारण प्रत्येक उघडलेल्या दारातून ओल आत जाते आणि उरलेल्या १५ टक्क्यांवर बसते. पहिल्या खेपेला मी दोन दिवस पावसात त्या उंचवट्याखाली जाऊन परत आलो. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि राखणदार बाईंनी आधी आत जाऊन भिंतीला तळहात लावून पाहिला, मगच मला बोलावलं.